गोव्यातून हिमालयात: मोठ्या ट्रेकआधी धाकटा डोंगर

आपण दर्याच्या काठावरची माणसं. पणजीच्या मिरामारवर किंवा मडगावच्या कोलव्याला उभं राहिलं की समुद्रसपाटी आणि आपण यांत दोन-चार हातांचंच अंतर असतं. म्हणूनच गोव्यातून पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्याला मी दुसरं काहीही सांगण्याआधी एकच प्रश्न विचारतो: मुख्य ट्रेकच्या आधी तिथला एखादा धाकटा डोंगर चढायला तुमच्याकडे किती दिवस आहेत? "एकही नाही, रजाच तेवढी आहे," असं उत्तर आलं, तर ट्रेक बदला असं मी स्पष्ट सांगतो. काहींना राग येतो, पण असं सांगण्यामागे कारण आहे.

माझ्या पहिल्या लडाखवारीत मावसभाऊ बरोबर होता. रोज पहाटे मिरामारच्या वाळूत धावणारा, आमच्यात सर्वात तंदुरुस्त. आम्ही विमानाने लेहला उतरलो. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. सहल ठरवणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी आम्हाला गाडीत घालून खारदुंग ला दाखवायला नेलं. ती खिंड ५,३५० मीटरच्याही वर आहे. परत येताना भावाचं डोकं फुटायला आलं होतं, पोटात पाणी ठरत नव्हतं आणि ओठांचा रंग उतरला होता. सोबत साठीकडे झुकलेले एक काका होते. ते मात्र शांतपणे चहा पीत बसले होते. त्या रात्री मला कळलं की धावण्याने कमावलेला दम आणि विरळ हवेची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोव्यात मिळते, दुसरी मिळत नाही.

आधी हे समजून घ्या

उंचावर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होत नाही. तो इथे २१ टक्के आहे आणि तिथेही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात हाती लागणारा ऑक्सिजन. लेहच्या उंचीवर तो आपल्या किनाऱ्याच्या साधारण दोन तृतीयांश असतो, साडेपाच हजार मीटरवर निम्मा. तिथल्या दुकानात वेफर्सचं पाकीट फुगून टम्म झालेलं दिसेल, ते त्यामुळेच. पाकिटातली हवा मैदानातली असते, बाहेरची डोंगरावरची.

ऑक्सिजन कमी पडला की शरीर लगेच जोरात श्वास घेऊ लागतं. पण जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि त्याने रक्त अल्कधर्मी होतं. मेंदूला ते पटत नाही, तो श्वासाला ब्रेक लावतो, झोपेत तर हमखास. मग मूत्रपिंडं दोन-चार दिवस राबून रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ब्रेक हळूहळू सैल होतो. खरं जुळवून घेणं ते हे. लाल पेशी वाढायला आठवडे लागतात, ट्रेकच्या मुदतीत त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून उंचीवर काढलेल्या रात्री मोजायच्या.

ही सवय लागायला शरीराला कारण मिळावं लागतं, आणि ते साधारण २,५०० मीटरच्या आसपास मिळू लागतं. आपलं सोसोगड हे गोव्याचं सर्वात उंच शिखर, पण ते हजार मीटरच्या थोडंच वर. महाराष्ट्रातलं कळसूबाई १,६४६ मीटर, कर्नाटकातलं मुळ्ळयनगिरी १,९३० मीटर. तिन्ही डोंगर सुंदर आहेत, जरूर चढा, पण "कळसूबाई केलंय, आता उंचीची भीती नाही" हे म्हणणं चुकीचं आहे.

पहिली पायरी: गोव्यात पाय कमवा

निघायच्या निदान दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा. मडगावजवळ पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर साधारण साडेतीनशे मीटरचा आहे. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ आहे आणि बराचसा गाडीरस्ताही आहे. गाडी खाली लावून पायी चढा, उतरा, पुन्हा चढा. सुरुवातीला रिकाम्या हाताने, मग पाठीवर पाच किलो, शेवटच्या आठवड्यांत आठ. पणजीत राहणाऱ्यांना आल्तिन्होचे चढ आहेत. ते लहान आहेत खरे, पण रोजचे आहेत, आणि रोजचं महिन्यातून एकदाच्या मोठ्या चढाईपेक्षा उपयोगी पडतं.

वेग ठरवायची एक साधी खूण: चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला थांबावं लागत असेल तर तुम्ही धावताय. गोव्यातच हा संथ वेग अंगात मुरवा. हिमालयात जे आजारी पडतात त्यांच्यात पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे गेलेले बरेच असतात. उतारही तितकाच महत्त्वाचा. गुडघे चढताना कुरकुरत नाहीत, उतरताना कुरकुरतात.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात मोर्ले गड, वाघेरी असे चांगले डोंगर आहेत. पण सत्तरीत जाणार असाल तर दोन गोष्टी पाळा. एक, हा भाग म्हादई अभयारण्याला लागून आहे. आत शिरण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा, परवानगी लागत असेल तर घ्या आणि गावातला माणूस सोबत न्या. दुसरी गोष्ट माकडताप. २०१५ पासून सत्तरीत या तापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडांमधून पसरतो आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सरावाच्या काळात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

याच काळात डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयाचा त्रास, हिमोग्लोबिन. गोव्यातल्या बायकांनो, हिमोग्लोबिनकडे खास लक्ष द्या. ऑक्सिजन वाहून नेणारी गाडीच अपुरी असेल तर कुठलाही सराव कमी पडतो, आणि ते सुधारायला महिने लागतात.

दुसरी पायरी: मुक्कामाच्या रात्री कागदावर लिहा

एक कागद घ्या. डावीकडे तारीख लिहा, उजवीकडे त्या रात्री झोपायच्या जागेची उंची. दिवसभरात किती उंच जाणार ते वेगळ्या रकान्यात. आता नियम लावा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू द्यायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची. दिवसा त्याहून उंच जाऊन यायला हरकत नाही, उलट ते चांगलंच. ट्रेकवाले ज्याला ‘उंच चढा, खाली झोपा’ म्हणतात ते हेच, आणि धाकट्या डोंगराचं कामही हेच.

हा नियम कुणाच्या सोयीसाठी बनलेला नाही. १९६२ च्या युद्धानंतर आपले जवान मोठ्या संख्येने उंचीवर तैनात झाले आणि बरेच आजारी पडले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. या विषयावर जगात आजही तो वाचला जातो. लष्कर २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यावर जवानांना सहा दिवस ठेवतं, त्यापुढे ४,५०० पर्यंत आणखी चार आणि त्याच्याही वर जायचं तर आणखी चार दिवस देतं. तरणीबांड, कसलेली माणसं असूनही. आपण शुक्रवारी ऑफिसातून निघून सोमवारी ४,००० मीटरवर पोचायचं ठरवतो, तेव्हा हे आकडे समोर ठेवावेत.

तिसरी पायरी: मनालीचा नमुना

हंप्ता खिंडीचं उदाहरण घेतो, कारण गोव्यातून पहिल्यांदा जाणारे बरेच जण तीच निवडतात. खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे. नेहमीचा कार्यक्रम असा असतो: मनालीत (२,०५० मीटर) एक रात्र, दुसऱ्या दिवशी गाडीने जोब्र्याला आणि तिथून पायी चिका (सुमारे ३,१००), तिसऱ्या रात्री बालू का घेरा (सुमारे ३,६००), चौथ्या दिवशी खिंड. मैदानातून आलेल्या माणसालाही हे घाईचं आहे. परवापर्यंत मांडवीच्या काठी झोपलेल्याला तर फारच.

मी काय करतो ते सांगतो. शक्य तर विमानाऐवजी रेल्वे. मडगावहून चंदीगडला गोवा संपर्क क्रांती थेट जाते. ती रोज नसते, वार बघून तिकीट काढा. चंदीगडहून रात्रीची बस. रेल्वेने जाण्यात उंचीचा काही फायदा नाही, फायदा एवढाच की माणूस झोप पुरी करून पोचतो. मनालीत सकाळी उतरल्यावर तो दिवस हलका ठेवायचा. वशिष्ठपर्यंत चालत जाऊन यायचं, लवकर जेवायचं, लवकर झोपायचं.

दुसरा दिवस धाकट्या डोंगराचा. हिडिंबा मंदिराच्या मागून मनाली अभयारण्यातून लामादुघची वाट जाते. देवदारांतून सरळ चढ आहे आणि वर ३,००० मीटरच्या पुढचं मोकळं कुरण. सकाळी सातला निघायचं, स्थानिक वाटाड्या घ्यायचा, दुपारच्या आत वर पोचायचं.

वर पोचल्यावर लगेच फोटो काढून खाली पळू नका. तासभर तरी बसा. पहिली पंधरा मिनिटं काहीच करू नका. मग मनगटाखाली दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. गोव्यात सकाळी उठल्या उठल्या मोजलेला आकडा त्याच पानावर वर लिहिलेला असू द्या. डब्यातलं काढून खा. भूक आहे का? हा प्रश्न नाडीइतकाच मोलाचा आहे. जो माणूस सकाळभर चढून आलाय आणि चपातीकडे बघून तोंड फिरवतोय, त्याच्याकडे संध्याकाळी लक्ष ठेवायचं. डोकं दुखतंय का, तेही प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. सगळ्यांना मिळून "सगळे ठीक ना?" असं विचारलं की सगळे ठीकच असतात. उतरून पुन्हा मनालीत झोपायचं.

तिसरी रात्र मनालीत न काढता सेथनला काढा. हे गाव सुमारे २,७०० मीटरवर, प्रिणीहून जोब्र्याला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे आणि तिथे घरगुती राहण्याची सोय होते. दिवसभराच्या एका चढाईने शरीराला नुसती जाग येते, खरं काम रात्रीच्या झोपेत होतं. म्हणून लामादुघ आणि सेथन यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर मी सेथनची रात्र निवडेन. मग चौथ्या दिवशी चिका, पाचव्या रात्री बालू का घेरा, आणि सहाव्या दिवशी खिंड. घराबाहेरचे दोन दिवस वाढले. पण बालू का घेराला संध्याकाळी तंबूबाहेर बसून तुम्ही हसत गप्पा मारत असता, डोकं धरून आत पडलेले नसता.

पतालसू हा ४,२०० मीटरच्या आसपासचा डोंगर सोलंगच्या वर आहे. त्याच खोऱ्यातल्या ५,२८९ मीटरच्या फ्रेंडशिप शिखराला जाणारे तो आधी करतात. पण तो धाकटा म्हणजे दुसऱ्याच्या मानाने धाकटा. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याला सरावाचा डोंगर समजू नये, त्याच्या आधीही दोन-तीन रात्री हव्यात.

आणखी एक: २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीहून लाहौलला पोचणं फार सोपं झालंय. रस्ता सोपा झाला म्हणून शरीराचं वेळापत्रक बदललं नाही. मनालीहून लेहला गाडीने जाताना सर्चूला, म्हणजे जवळजवळ ४,३०० मीटरवर, मुक्काम करणारे रात्रभर तळमळतात. त्याऐवजी जिस्पाला थांबा, ते ३,२०० मीटरच्या आसपास आहे.

लेह, नेपाळ, आफ्रिका

लेहला विमानाने उतरणार असाल तर पहिले दोन दिवस शहराबाहेर पडू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या, तिसऱ्या दिवशी राजवाडा आणि त्याच्या वरचा नामग्याल त्सेमो गोंपा. एवढेच तिथले धाकटे डोंगर, आणि ते पुरेसे आहेत. खिंडी नंतर.

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर धाकटे डोंगर कार्यक्रमातच बसवलेले असतात. नामचे बाजारला (३,४४०) जास्तीची रात्र असते आणि त्या दिवशी ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून परत यायचं असतं. दिंगबोचेला (४,४१०) तसंच, गावामागच्या नांगकारत्शांग टेकाडावर. "आज विश्रांतीचा दिवस आहे ना, मग झोपू द्या," असं म्हणत पांघरुणात राहणारे आपले लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. विश्रांती म्हणजे पाठीवर ओझं नाही एवढंच.

किलिमांजारोला (५,८९५) जाणाऱ्यांसाठी तर शेजारीच मेरू पर्वत आहे, ४,५६२ मीटरचा. तीन-चार दिवसांत होतो, वाटेत झोपडीवजा मुक्काम आहेत. मेरू उतरल्यावर लगेच किलिमांजारो सुरू केला तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. मध्ये आठवडाभर समुद्रकिनारी जाऊन बसलात तर कमावलेलं बरंचसं जातं. मेमध्ये केलेला ट्रेक ऑक्टोबरच्या ट्रेकला उंचीच्या बाबतीत कामाला येत नाही, हेही त्यातच आलं.

गोळ्या, पाणी, मशीन

ॲसेटाझोलामाइड, म्हणजे दुकानात ज्याला डायमॉक्स म्हणतात, ते मूत्रपिंडांचं ते बायकार्बोनेट बाहेर टाकायचं काम लवकर उरकून देतं. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण ते डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि घरी असताना एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त जावं लागतं. गोळी घेतली म्हणून रात्री कमी करायच्या नाहीत.

पाणी तहानेपुरतं आणि थोडं वर. पाच-सहा लिटर ढोसल्याने उंची लागायची थांबत नाही, रक्तातलं मीठ मात्र पातळ होतं. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. दारू आणि झोपेच्या गोळ्या चढत्या दिवसांत अजिबात नकोत, दोन्ही झोपेतला श्वास मंदावतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण त्याचे गुलाम होऊ नका. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसणं सर्रास आहे. गार बोटांवर ते काहीही दाखवतं. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, जेवतो का, हे आधी बघा.

रात्री काय ऐकू येईल

३,००० च्या वर पहिल्या रात्री शेजारच्याचा श्वास ऐकून तुम्ही घाबराल. चार-पाच खोल श्वास, मग एकदम शांतता. तुम्ही अंधारात मोजू लागता: सात, आठ, नऊ... आणि तो दचकून हवा ओढतो. मग पुन्हा तेच. वर सांगितलेला तो ब्रेक हाच. उंचीवर असं पुष्कळांना होतं आणि सकाळी माणूस हसतखेळत उठला तर चिंता नाही.

चिंता कशाची करायची ते पाठ करा. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा न जाणारा थकवा असेल तर ती उंची लागली असं धरायचं. त्या रात्री तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बरं वाटलं तरच पुढे. आडवं पडूनही धाप लागते, खोकला येतो, थुंकी गुलाबी-फेसाळ होते, तर फुप्फुसात पाणी साठतंय. माणूस बरळतो, तोल जातो, तर मेंदूला सूज. जमिनीवर सरळ रेघ ओढा आणि तिच्यावर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. दारू न प्यालेला माणूस भेलकांडला तर सकाळची वाट बघायची नाही. अंधार असो, पाऊस असो, ऑक्सिजन असेल तर लावून त्याला त्याच क्षणी खाली न्यायचं, निदान पाचशे ते हजार मीटर.

गेल्या खेपेला बालू का घेराला आमच्यातल्या एकाला संध्याकाळी डोकं दुखू लागलं आणि दोनदा उलटी झाली. रेघेवर तो सरळ चालला, धाप नव्हती. तरी ताटातला भात तसाच होता. लामादुघच्या पानावरही त्याच्या नावापुढे ‘खाल्लं नाही’ असंच लिहिलेलं होतं. ते मी त्याला दाखवलं. उजेड होता तोवर एका वाटाड्यासोबत त्याला चिकाला उतरवलं, सोबत त्याचा मित्रही स्वतःहून गेला. दोघांचीही खिंड हुकली. दुसऱ्या दिवशी वरून उतरल्यावर फोन लागला, तेव्हा तो मनालीत पोचला होता. काल रात्री चिकाला पोचल्यावर तासाभरात भूक लागली, म्हणाला, आणि खिचडी दोनदा वाढून घेतली.